बंद क्वार्ट्झ घड्याळ: मशीन बदलायला हो म्हणण्याआधी

मामाने कुवेतहून आणलेलं टॅग ह्यूअर नऊ वर्षं कपाटात पडून होतं. दुकानात नेलं, तर नवा सेल घालून पाहिला आणि निकाल लागला: "मशीन गेलंय ताई, नवीन टाकून देतो." मी घड्याळ पर्समध्ये टाकलं आणि घरी आले. कॉलेजच्या प्रयोगशाळेत चोवीस वर्षं मल्टिमीटर (व्होल्ट, ओहम मोजायचा मीटर) हाताळलाय; मोजल्याशिवाय काही मेलंय असं मी मानत नाही.

आत होतं ईटीए ९५५.११२. स्वित्झर्लंडच्या ग्रेंशेनमधल्या ईटीए कंपनीचं हे मशीन धातूच्या प्लेटांचं आहे, ७ ज्वेलचं (ज्वेल म्हणजे चाकांचे आस ज्यात फिरतात ते बारीक खडे), आणि स्क्रू काढून शेवटच्या चाकापर्यंत खोलता येतं. स्वस्तातली बदली मशीनं बहुतेक प्लास्टिकची असतात. बिघडली की फेकायची. मला या जुन्या मशीनचं कौतुक आहे ते इथे. आतला क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. ही संख्या १५ वेळा निम्मी करा, बरोबर १ उरतो. त्या एका ठोक्याला कॉइलमध्ये, म्हणजे तारेच्या गुंडाळीत, विजेचा झटका जातो आणि तांदळाच्या दाण्याहून लहान रोटर, म्हणजे फिरता चुंबक, अर्धा वळसा घेतो. घड्याळ कानाशी धरलं की तो टक् ऐकू येतो.

आता तपासणी. सगळ्यात आधी काटे फिरवायची बाजूची चावी पूर्ण आत दाबलेली आहे का बघा. हसू नका. बाहेर ओढलेल्या चावीवर हे मशीन मुद्दाम थांबतं. आणि सेकंदकाटा चार-चार सेकंदांच्या उड्या मारत असेल तर तो बिघाड नव्हे, सेल संपत आल्याची सूचना आहे.

मागचं झाकण उघडून सेल प्लास्टिकच्या चिमट्याने काढा. धातूचा चिमटा दोन्ही बाजूंना टेकला तर शॉर्ट होतो. याला ३७१ नंबरचा सेल लागतो, म्हणजे एसआर९२०एसडब्ल्यू. त्याच मापाचा ३७० जास्त करंट लागणाऱ्या घड्याळांसाठी असतो, तो नको. नवा सेलही मोजून घ्या, १.५५ व्होल्टच्या आसपास हवा. दुकानातल्या पाकिटात तो किती वर्षं पडून होता कोण जाणे.

सेलच्या जागी पांढरी-हिरवी बुरशी दिसली तर ती गळतीची. कापसाच्या बारीक काडीवर व्हिनेगरचा जेमतेम ओलावा घेऊन फक्त संपर्कपट्टी पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने. काडी कॉइलकडे न्यायची नाही.

कॉइल म्हणजे तो तांबूस गुंडाळा. तार केसाहून बारीक. सेल काढलेला असताना तिच्या दोन टोकांच्या जोडणीवर मल्टिमीटर लावा, तारेवर नाही. हजार-दोन हजार ओहम दिसले तर ठीक. काहीच दिसलं नाही तर तार तुटलेली. मी पहिल्यांदा शिकत होते तेव्हा एका दुसऱ्या घड्याळात स्क्रूड्रायव्हर घसरला आणि तार तुटली. आवाजसुद्धा झाला नाही. तेव्हापासून कॉइलवर कागदाचा तुकडा धरल्याशिवाय आत हात घालत नाही.

कॉइल शाबूत असेल तर सेल घालून क्वार्ट्झ टेस्टरवर, म्हणजे कॉइलमधले झटके ओळखणाऱ्या छोट्या यंत्रावर, ठेवा. झटके येत असतील तर टेस्टर सेकंदासेकंदाला बीप करतो. बीप येतोय आणि काटे हलत नाहीत, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स जिवंत आहे, चाकं अडकलीत: वाळलेलं तेल किंवा कचरा. बीपच नाही आणि कॉइल ठीक, तर सर्किटवर संशय घ्यावा.

मामाच्या घड्याळात बीप होता. मग मात्र मी पुढे गेले नाही. चाकं उतरवून धुणं आणि तेल देणं हे घड्याळजीचं काम. त्यासाठी मशीन खोलणारा माणूस शोधा, बदलणारा नको. मला तिसऱ्या खेपेला सापडला. त्याने झाकणाची रबरी रिंगही बदलली, ती आठवणीने सांगा.

घड्याळ परत आल्यावर फोनशी सेकंद जुळवून महिनाभर तारखेसह लिहून ठेवा. महिन्याला दहा-पंधरा सेकंदांचा फरक या मशीनला चालतो. आमचं सहा सेकंद पुढे गेलं. मामा म्हणाला, "पुढेच राहू दे, तसाही मी उशिरा पोहोचतो."