खुर्चीतून उठावंसं वाटलं की आधी एक ओळ लिहा

काम रेंगाळलं की आपण घड्याळाला दोष देतो. दिवस पुरत नाही, फोन थांबत नाहीत, माणसं मध्येच येऊन बसतात. सांगलीत मारुती चौकाजवळ माझं खाती लिहिण्याचं ऑफिस आहे. हळदीचे अडत्ये, बेदाण्याचे व्यापारी, गणपती पेठेतले दुकानदार यांचे हिशेब आणि जीएसटी आम्ही बघतो. आमच्याकडे तारखा पक्क्या असतात: ७ तारखेला टीडीएस (पैसे देताना कापून ठेवलेला कर), ११ ला जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरणपत्र), २० ला ३बी (जीएसटी भरण्याचं विवरणपत्र). जीएसटीची तारीख चुकली की विलंब शुल्क रोज चढत जातं. त्यामुळे कोणाचं काम कुठे अडतं हे इथे लपत नाही. ते इतकी वर्षं जवळून बघून माझं मत ठाम झालंय. वेळ असतो, माणूसही हुशार असतं, पण एखाद्या कामाला काहीतरी चिकटलेलं असतं. भीती, कंटाळा, लाज, नाहीतर 'हे आपल्याला येत नाही' ही खात्री. माणूस त्या कामाजवळ जातं आणि तिथूनच परत फिरतं.

फ्युशिया सिरॉइस आणि टिमोथी पिचिल या मानसशास्त्रज्ञांनी २०१३ साली हेच मांडलं: चालढकल ही आत्ताचा मूड सांभाळण्याची धडपड असते. नको वाटणारं काम बाजूला सारलं की लगेच बरं वाटतं, आणि त्या बरं वाटण्याची किंमत उद्याच्या आपल्याला भरावी लागते. म्हणून वेळापत्रक कितीही सुंदर आखलं तरी ते काम तिथून हलत नाही. आधी काय चिकटलंय ते दिसायला हवं.

ते कसं बघायचं ते सांगते.

एक साधी वही घ्या आणि ती कामाच्या टेबलावर उघडी ठेवा. मोबाइलमध्ये लिहू नका; मोबाइल हातात आला की ओळ लिहायची राहते आणि बोट भलतीकडे जातं. आता नेहमीसारखं काम करा. काम अर्धवट टाकून उठावंसं वाटेल, किंवा दुसरं काहीतरी उघडावंसं वाटेल, त्या क्षणी चार गोष्टी लिहा: किती वाजले, हातात काय होतं, मनात काय आलं, आणि निघालात कुठे. लिहून झालं की खुशाल उठा. स्वतःला अडवायचं नाही. अडवायला लागलात की दोन दिवसांत वही बंद पडते.

नोंदी अशा दिसतात (२बी म्हणजे खरेदीवर मिळणाऱ्या कराच्या क्रेडिटची पोर्टलवरची यादी):

११.४०. २बीची जुळवणी. एका बिलाचा नंबर लागेना. वैताग. चहा टाकला.
३.१०. नोटिशीचं उत्तर. 'चुकलं तर?' व्हॉट्सॲप उघडलं.
४.०५. बँकेचा ताळमेळ. आता फोन करावा लागणार. छातीत धडधड. पाणी प्यायला गेले.

संध्याकाळी बसून दिवसभराचं आठवून लिहिण्यात काही अर्थ नाही. तोवर मनाने सभ्य कारणं तयार केलेली असतात. 'पाहुणे आले', 'नेट गेलं' एवढंच कागदावर उतरतं. धडधड त्या क्षणीच लिहिली तर सापडते.

मनात काय आलं तेच कळलं नाही, असंही होतं. खाती लिहिताना ज्या रकमेचा धनी सापडत नाही ती आपण उचंत खात्यात टाकतो आणि पुढे जातो. इथेही तसंच करा, 'उचंत' एवढंच लिहा. अशा चार-पाच नोंदी जमल्या की त्यांच्यात काय सारखं आहे ते हळूहळू कळायला लागतं.

आठवडाभराने वाचा

शनिवारी दुपारी फोन थंडावले की वही शांतपणे वाचा. किती वेळा उठलात ते मोजू नका, त्याने नुसतं अपराधी वाटतं. पुन्हा पुन्हा काय येतंय ते शोधा.

आमच्याकडे एक मुलगी होती. मिरजेहून यायची, हात चलाख, टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर बोटं भराभर चालायची. तरी तिच्याकडच्या खात्यांचा ताळमेळ दर महिन्याला शेवटच्या दिवसावर जायचा. तिचं स्वतःबद्दलचं मत पक्कं होतं: मी हळू आहे. वही वाचल्यावर दिसलं की खरेदी, विक्री, खर्च यांच्या नोंदी ती कधीच अर्धवट टाकत नाही. बँकेच्या उताऱ्यात यूपीआयची एखादी रक्कम नाव-गाव नसलेली आली की मात्र उठते. दर वेळी तिथेच. मी विचारलं, तिथे काय होतं? ती म्हणाली, "मालकांना फोन करून विचारावं लागतंय ओ ताई. ते सौद्यात असत्यात, लई ओरडत्यात."

म्हणजे अडचण वेगाची नव्हती. हळदीच्या सौद्याच्या वेळी अडत्याला फोन केला तर तो खेकसणारच. त्याच्याभोवती माणसं असतात, भाव चाललेला असतो. मग तीन गोष्टी केल्या. अशा रकमा जमतील तशा एका यादीत लिहायच्या. यादी संध्याकाळी साडेपाचनंतर एकदमच व्हॉट्सॲपवर पाठवायची, रकमेपुढे तारीख टाकून. आणि उत्तर आलं नाही तर दुसऱ्या दिवशी फोन, त्यातला पहिला मी तिच्या शेजारी बसून. हळू आहे म्हणून तिला टायपिंगचा क्लास लावला असता तर फी तर गेलीच असती, आणि क्लास करूनही ती हळूच राहिली म्हणून तिचं मत आणखी घट्ट झालं असतं.

वही वाचताना स्वतःला 'मी असा का आहे?' हे विचारत बसू नका. त्या प्रश्नाला तळ नाही. बालपण निघतं, शाळेतल्या बाई निघतात, आणि सोमवारी टेबलावर तेच काम तसंच असतं. नेमकं कुठे अडलं, त्या वेळी काय व्हायची भीती होती, आणि समोर कोण होतं, एवढंच विचारा. या तिन्हींची उत्तरं मिळाली की पुढे काय करायचं ते सहसा आपोआप सुचतं.

'मला येत नाही' याचे तुकडे करा

वहीत 'मला हे जमत नाही' अशी ओळ वारंवार आली तर तिच्याकडे नीट बघा. आपली बुद्धी जन्मतः ठरलेली आहे असं मानणारे आणि सरावाने ती वाढते असं मानणारे लोक अडचणीपुढे वेगवेगळे वागतात, हे कॅरोल ड्वेक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी अनेक वर्षांच्या कामातून पुढे आणलं. पण नुसतं 'मी करू शकतो' म्हटल्याने चमत्कार होतो असं समजू नका. २०१९ साली अमेरिकेत नववीच्या सुमारे १२ हजार मुलांवरचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. तासाभरापेक्षाही छोटा ऑनलाइन पाठ दिल्यावर मागे पडलेल्या मुलांचे सरासरी गुण साधारण ४ च्या मापावर ०.१ ने वाढले. इतक्या छोट्या पाठाला हे चांगलंच म्हणायचं, पण तो ०.१ आहे हेही लक्षात ठेवा. बाकीचं काम हातानेच करावं लागतं.

हाताने म्हणजे असं. कवठेमहांकाळकडून एसटीने येणारा एक मुलगा जीएसटीच्या नोटिसा पार शेवटपर्यंत ठेवायचा. कारण एकच, 'माझं इंग्रजी कच्चं आहे.' आम्ही त्या वाक्याचे तुकडे केले. नोटीस वाचून समजते का? समजते. आकडे कुठून आले ते काढता येतं? येतं, आणि चोख. उत्तर लिहिता येतं? इथे तो थांबला. त्यातही मजकुराची सुरुवात सुचत नव्हती. विवरणपत्रातल्या तफावतीबद्दल एएसएमटी-१० ही नोटीस आली की एएसएमटी-११ या फॉर्ममध्ये उत्तर द्यायचं असतं, आणि त्या नोटिसांतली कारणं फिरून फिरून तीच येतात: १ आणि ३बी जुळत नाहीत, २बीपेक्षा जास्त क्रेडिट घेतलं, असं. जुन्या उत्तरांची एक फाइल त्याला काढून दिली. आख्खी भाषा शिकण्याचं ओझं उतरलं, पाच-सहा परिच्छेद शिकायचे उरले. ते त्याने शिकले.

तुमचं वाक्य काहीही असो, गणित, बोलणं, कॉम्प्युटर, त्याचे इतके बारीक तुकडे करा की जो खरंच येत नाही तो एकटा समोर उभा राहील.

जर-तर आधीच लिहून ठेवा

अडणारी जागा कळली, आता तिथे पोहोचल्यावर काय करायचं हे आधी ठरवा. पीटर गोल्विट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १९९९ साली यावर मांडणी केली. 'मी हे काम वेळेवर करेन' या निश्चयापेक्षा 'अमुक घडलं तर मी तमुक करेन' असं नेमकं ठरवलेलं जास्त पार पडतं, कारण ऐन वेळी विचार करावा लागत नाही.

सांगलीकरांना हे वेगळं शिकवायला नको. पावसाळ्यात कृष्णेचं पाणी चढायला लागलं की आख्खं गाव आयर्विन पुलाच्या पातळीवर डोळे लावून बसतं. ४० फूट इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. मारुती चौक तर लवकर पाण्याखाली जाणारा भाग, त्यामुळे पाणी चढत असताना इथे बसून कोणाचंच चित्त थाऱ्यावर नसतं. दर पाच मिनिटांनी मोबाइल, किती फूट झालं? त्या काळजीला मूर्खपणा म्हणणाऱ्याने पूर बघितलेला नाही. पण दर पाच मिनिटांनी बघून पाणी उतरत नाही आणि हातातलं विवरणपत्रही पुढे सरकत नाही.

म्हणून आमच्या ऑफिसात कपाटाच्या दाराला एक कागद आतून चिकटवलेला आहे. ३० फूट झालं तर खालच्या दोन कप्प्यांतल्या फायली वर. ३५ झालं तर कॉम्प्युटर आणि हार्ड डिस्क विश्रामबागला ऑफिसातल्या एकीच्या घरी. ४० च्या आधी शटर बंद. पातळी बघायची ती ११ ला, २ ला आणि ५ ला. काय करायचं हे कागद सांगतो म्हटल्यावर डोकं मोकळं होतं आणि मधल्या वेळात माणसं खरंच काम करतात.

रोजच्या कामालाही असाच कागद करा. 'बिलाचा नंबर दोनदा बघून लागला नाही, तर लाल खूण करून पुढचं बिल.' 'नोटीस उघडल्यावर भीती वाटली, तर पहिल्यांदा फक्त तारीख आणि मुदत वहीत लिहायची.' वाक्यात घडणारी गोष्ट डोळ्यांना दिसणारी हवी. 'आळस आला तर' असं लिहिलं तर चालत नाही, आळस कधी आला हे कळतच नाही.

स्वतःच्या अंदाजावर विसंबू नका. काम सुरू करताना वहीत लिहा किती वेळ लागेल, संपल्यावर शेजारी लिहा किती लागला. ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस यांनी १९९४ साली छापलेल्या अभ्यासात मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना प्रबंध कधी संपेल ते विचारलं होतं. सरासरी अंदाज सुमारे ३४ दिवसांचा, लागले सुमारे ५५. आपला अंदाज सगळं सुरळीत होईल असं धरून निघतो. मालकाने बिलांची पिशवी अर्धीच पाठवली, पोर्टल अडकलं, हे त्यात नसतं. दोन महिन्यांच्या नोंदी झाल्या की आपण कुठल्या कामात किती चुकतो ते कळतं, आणि गिऱ्हाइकाला खरी तारीख सांगता येते. 'उद्या देतो' म्हणायची सवय अशीच सुटते.

काम टळलंच तर स्वतःला शिव्या घालत बसू नका. कॅनडातल्या कार्लटन विद्यापीठात २०१० साली दिसलं की पहिल्या परीक्षेच्या अभ्यासात चालढकल केल्याबद्दल ज्या विद्यार्थ्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी पुढच्या परीक्षेच्या वेळी चालढकल कमी केली. हे मला पटतं. स्वतःवर चिडलेल्या माणसाला ते काम पुन्हा उघडायची लाज वाटते, मग ते आणखी लांबतं.

आता एक गोष्ट फार मनापासून सांगायची आहे. प्रत्येक गोष्ट मनावर ढकलू नका. पहाटे पाचला उठून डबे करून, सासूबाईंची औषधं देऊन, बसमध्ये उभं राहून दहाला ऑफिसात पोहोचलेली बाई दुपारी तीनला मंदावली तर तिच्या मानसिकतेत काही खोट नाही, तिला झोप हवी आहे. वहीत 'थकवा' हाच शब्द रोज येत असेल तर हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या. दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच मन लागत नसेल, जगणंच नको वाटत असेल, तर वही बाजूला ठेवा आणि डॉक्टरकडे जा. टेली मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि फोन मोफत आहे. कधी काम खरंच दोन माणसांचं असतं आणि करणारा एक. तिथे वहीचा उपयोग एवढाच, की मालकापुढे किंवा घरच्यांपुढे ठेवायला तासांचे आकडे हातात असतात.

तुमच्या हाताखाली माणसं असतील तर त्यांच्या वह्या मागू नका, उघड्या दिसल्या तरी वाचू नका. दुसरं कोणी वाचणार आहे म्हटल्यावर माणूस 'धडधड' लिहीत नाही, 'नेट स्लो' लिहितो, आणि मग त्या वहीत काही उरत नाही. आमच्याकडे शनिवारी मी प्रत्येकीला एवढंच विचारते, पुढच्या आठवड्यात कुठल्या एका कामात सोबत हवी? ती काम सांगते, कारण सांगायची गरज नाही. सोमवारी त्या कामाला मी तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसते.