पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) स्टाफला शिकायला तास काढायचा कसा

पहिलं म्हणजे बाजाराचा वार आणि लसीकरणाचा वार सोडा, त्या दिवशी ओपीडीत पाय ठेवायला जागा नसते, बाकी दिवशी दुपारी २ ते ३ पकडा, खानदेशातल्या उन्हाळ्यात त्या वेळी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. एक सिस्टर इमर्जन्सीला बाहेर ठेवायचीच, पण दर वेळी वेगळी, नाहीतर एकच बिचारी कायम राहून जाते.

विषय आपल्याच रजिस्टरमधून काढा. सातपुड्याकडे सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार), पावसाळ्यात सर्पदंश. पीपीटी नको हो, हातानं करून बघा, जसं सापाच्या विषानं रक्त गोठायचं थांबलंय का ते बघायची चाचणी: स्वच्छ कोरडी काचेची टेस्ट ट्यूब, २ मिली रक्त, २० मिनिटं अजिबात हलवायचं नाही, मग ट्यूब तिरपी करून बघायचं गुठळी झाली का. आम्ही पहिल्यांदा प्लास्टिकची ट्यूब घेतली, रक्त काही गोठेना, सगळे माझ्याकडे बघायला लागले कारण रक्त माझंच होतं आणि साप काही चावलेला नव्हता! काच का लागते ते तेव्हापासून कोणी विसरलं नाही.

आशाताईंना पण बसवा, गावातली केस आधी त्यांनाच कळते.

आणि हो, एमबीबीएसवाल्यांना रजिस्ट्रेशन रिन्यूअलला ५ वर्षांत ३० क्रेडिट पॉइंट लागतात, ते मान्यताप्राप्त कार्यक्रमातूनच मिळतात, या तासातून नाही. इथं फक्त चहा आणि शेव-मुरमुरे.