जुन्या दुनळीच्या नळीचं पोलाद कसं ओळखावं

चोपडा, यावल, रावेरकडे सातपुड्याच्या पायथ्याशी जुन्या घरांतून बाराबोरी दुनळी, म्हणजे दोन नळ्यांची बंदूक, निघते, आणि विकायची वेळ आली की "विलायती आहे" एवढ्यावर भाव सांगितला जातो. नळी कसली आहे, ती आजचं काडतूस झेलेल का, हे कोणी बघत नाही. खरं तर तेच आधी बघायला हवं.

हात लावण्याआधी परवाना तपासा. बंदूक आजोबांची असली तरी १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे आपल्या नावाचा परवाना लागतोच. मग उघडायची कळ दाबून बंदूक वाकवून उघडा, काडतुसांची दोन्ही घरं रिकामी आहेत हे डोळ्यांनी आणि बोटानेही पाहा. पुढचं लाकूड काढून नळ्या सुट्या करा.

आता नळ्या उलट्या धरा. मागच्या टोकाला, खालच्या सपाट भागावर, सगळी माहिती ठोकलेली असते. तिथे वर्षानुवर्षांचं ग्रीस साचलेलं असतं. रॉकेलच्या फडक्याने पुसा, पॉलिशपेपर मात्र लावू नका, खुणा कायमच्या जातील. भिंग घ्या आणि उजेड तिरपा पाडा.

पृष्ठभागावर नागमोडी नक्षी दिसली तर नळी दमास्कस असू शकते, म्हणजे लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, गुंडाळून, तापवून सांधलेली. पण साध्या नळीवर नुसती नक्षी उठवूनही विकत. म्हणून लाकडाखाली झाकलेला भाग बघा. खरी नक्षी तिथेही सलग जाते, वरवरची बहुधा तिथे फिकी पडते किंवा तुटते. घरी ॲसिड लावून खात्री करायच्या फंदात पडू नका.

नक्षी नसेल तर नाव वाचा. इंग्लंडच्या व्हिटवर्थच्या दाबून ओतलेल्या पोलादावर गव्हाच्या पेंढीची खूण असते, जर्मन क्रुपची एकमेकांत गुंतलेली तीन कडी. अमेरिकन पार्कर बंदुकांवर व्हल्कन, टायटॅनिक, ॲक्मे अशी नावं येतात. ती बंदुकीच्या दर्जाशी जोडलेली व्यापारी नावं आहेत, त्यांवरून पोलादाची ताकद तोलू नये. दोन नळ्यांमधल्या पट्टीवरचं रोडा किंवा मॅन्टन, कलकत्ता हे नाव विकणाऱ्या पेढीचं. नळी बऱ्याचदा इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमची निघते.

माझ्या मते पोलादाच्या नावापेक्षा प्रूफची खूण, म्हणजे नळी जास्त दाबाने तपासल्याचा शिक्का, जास्त बोलते. १९०४ नंतर बर्मिंगहॅमच्या नळीवर मुकुटाखाली 'एन.पी.' असेल तर ती धूरविरहित दारूसाठी, म्हणजे आजच्या काडतुसात असते त्या दारूसाठी, तपासलेली. १९५४ नंतर मुकुटाखाली 'बी.एन.पी.' दिसतं. 'नॉट फॉर बॉल' (एकसंध गोळीसाठी नाही) असेल तर नळी १८७५ ते १८८७ मधली. बेल्जियमच्या लिएजची खूण म्हणजे अंडाकृतीतलं 'ई.एल.जी.', त्यावर मुकुट १८९३ पासून; धूरविरहित दारूची खूण 'पी.व्ही.' वरचा सिंह, १८९८ पासूनचा. अशी खूण नसलेली नळी काळ्या दारूच्या काळातली समजा, आणि आजचं काडतूस तिच्यात घालू नका.

दमास्कस म्हणजे कुचकामी, हेही खरं नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसने नाना प्रकारच्या नळ्या फुटेपर्यंत तपासल्या, तेव्हा तीन सळ्यांच्या लॅमिनेटेड, म्हणजे दमास्कससारख्याच सांधून केलेल्या, नळीने व्हिटवर्थच्या पोलादालाही मागे टाकलं. पण त्या नळ्या नव्या होत्या. आपल्याकडच्या नळीने कित्येक पावसाळे पाहिलेले असतात, आणि लाकडाखाली ओल धरून तिथेच गंज खोल उतरतो.

दोन नळ्यांची तुलना करताना नाव शेवटी ठेवा. सुट्या नळ्या खालच्या आकड्याने बोटावर टांगून नखाने टिचकी मारा. घंटेसारखा मोकळा नाद आला तर मधली पट्टी घट्ट आहे. बद्द आवाज आला तर झाळ सुटली असावी. आतून उजेडाकडे बघून खड्डे आणि फुगवटा शोधा. जाडी मात्र परवानाधारक गनस्मिथकडूनच मोजून घ्या. त्याच वेळी काडतुसाच्या घराची लांबीही मोजायला सांगा. जुन्या इंग्रजी बाराबोरीचं घर बहुतेक अडीच इंची, म्हणजे ६५ मिलिमीटरचं असतं. ७० मिलिमीटरचं काडतूस त्यात सहज बसतं, पण सुटताना त्याचं तोंड उघडायला जागा उरत नाही आणि दाब वाढतो.