तरंगणारी दोरी बुडायला लागली तेव्हा

मढच्या खडकांवरून मासेमारीसाठी फ्लाय, म्हणजे पिसा-धाग्यांचं हलकं नकली आमिष, फेकताना गेल्या महिन्यात माझी दोरी नीट सुटेना. रॉडच्या कड्यांमधून जाताना खरखर व्हायची, आणि तरंगणारी दोरी असूनही तिचं टोक पाण्याखाली जायचं. आता नवी घ्यावी लागणार, असंच वाटलं. घरी येऊन चिमटीत धरून बोटं फिरवली, तर पांढरट मीठ आणि काळपट चिकटा हाताला लागला. म्हणजे दोरी खराब नव्हती, मळली होती.

बादलीत कोमट पाणी घेतलं, भांड्यांच्या लिक्विडचे चारच थेंब टाकले. सगळी दोरी, साधारण २७ मीटर, सैल वेटोळी करत आत सोडली. अर्ध्या तासाने मऊ सुती फडक्यात धरून हळूहळू ओढली. फडक्यावर काळी रेघ उमटली तेव्हाच जीव भांड्यात पडला. मग दोनदा साध्या पाण्यातून काढली, कारण साबण राहिला तर दोरी पुन्हा बुडते. पंख्याखाली सावलीत वाळवून ड्रेसिंग, म्हणजे दोरी गुळगुळीत ठेवणारा लेप, लावलं, थोड्या वेळाने पुसून घेतलं.

दोरीचं आवरण बहुधा पीव्हीसीचं असतं. ऊन, पेट्रोल, सनस्क्रीन आणि डासांचं मलम त्याचा मऊपणा खातात. म्हणून मलम लावल्यावर मी आता हात धुतल्याशिवाय दोरीला शिवत नाही. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत तर रीळ कधीच ठेवू नका.

पुढच्या रविवारी त्याच खडकावरून फेकली. टोक लाटेवर तरंगत राहिलं.