स्नोफ्लेक: आपल्या ब्राउझरातून दुसऱ्याला लाइन जोडून द्यायची ती अशी

मी पुण्यात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक बोर्डावर बसायचे. ऑर्डिनरी, अर्जंट, लाइटनिंग असे कॉल बुक व्हायचे आणि आम्ही कॉर्ड खोचून दोन गावं जोडायचो. निवृत्तीनंतर ते काम पुन्हा हाती आलं २०२२च्या सप्टेंबरात. पोलिसांनी पकडलेल्या महसा अमीनी या तरुणीच्या मृत्यूनंतर इराणभर निदर्शनं पेटली, तिथल्या सरकारने इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप अडवलं. आमच्या वरच्या खोलीत शिराझची एक मुलगी शिकायला राहायची. आईचा निरोप नाही म्हणून ती नीट जेवत नव्हती. तिनेच माझ्या लॅपटॉपवर स्नोफ्लेक घालून दिलं, म्हणजे साइट अडवलेल्या देशातल्या माणसाला आपल्या ब्राउझरातून वाट काढून देणारं छोटं ॲड-ऑन. म्हणाली, "काकू, हे चालू राहू द्या. माझ्या आईला नाही तर दुसऱ्या कुणाच्या आईला लाइन मिळेल."

बसवायला पाच मिनिटं पुरतात. फायरफॉक्स, क्रोम किंवा एज यांच्या ॲड-ऑनच्या दुकानात स्नोफ्लेक शोधा. बनवणाऱ्याचं नाव टोर प्रोजेक्ट आहे ना, ते बघूनच घ्या. वर कोपऱ्यात बर्फाच्या चांदणीचं चिन्ह येतं. त्यावर क्लिक करून बटण चालू केलं की झालं. कुणी जोडलं गेलं की चांदणी हिरवी होते, आणि मागच्या २४ तासांत किती जणांना उपयोग झाला तो आकडा तिथेच दिसतो. पहिल्यांदा तो शून्यावरून हलला तेव्हा मी वरच्या मजल्यावर हाक मारली होती. ब्राउझर मात्र उघडा हवा. डेटा मोजून मिळत असेल तर जपून, आणि ऑफिसच्या कॉम्प्युटरवर विचारल्याशिवाय नको.

आता आत काय होतं ते. टोर म्हणजे मजकूर स्वयंसेवकांच्या कॉम्प्युटरांमधून, म्हणजे रिलेंमधून, फिरवत नेणारं जाळं. त्याच्या नेहमीच्या रिलेंचे पत्ते जाहीर असतात, म्हणून सरकारला ते अडवणं सोपं जातं. स्नोफ्लेकमध्ये 'ब्रोकर' नावाचा सर्व्हर तिकडच्या माणसाची आपल्या ब्राउझरशी गाठ घालून देतो. पुढची जोडणी वेबआरटीसीने होते. ब्राउझरमधले व्हिडिओ कॉल चालतात तेच हे तंत्र. घरोघरचे पत्ते सतत बदलतात, अडवणारा किती ठिकाणी धावणार? आपल्याकडून मजकूर टोरच्या पुलावर (ब्रिज, म्हणजे टोरच्या जाळ्यात शिरायचं दार) जातो, तिथून पुढच्या रिलेंमधून बाहेर पडतो. त्यामुळे त्या माणसाने उघडलेल्या वेबसाइटला आपला पत्ता दिसत नाही. जोडल्या गेलेल्या माणसाला मात्र आपला आयपी पत्ता (इंटरनेटवरचा आपला क्रमांक) कळू शकतो, एवढं मनाशी धरून ठरवा. बोर्डावर असताना कान लावला तर बोलणं ऐकू यायचं. इथे मजकूर कुलूपबंद असतो, मला त्यातलं अक्षरही वाचता येत नाही. मला हेच फार मोलाचं वाटतं.

स्वतःलाच अडवलेलं पान उघडायचं असेल तर टोर ब्राउझर घ्या, तोही टोर प्रोजेक्टच्याच साइटवरून. सेटिंगमध्ये कनेक्शन, त्यात ब्रिज, आणि तिथे स्नोफ्लेक निवडा. अँड्रॉइडवर टोरमधून नेणारं ऑर्बोट हे ॲप आहे. पानं हळू उघडतील, ते सोसा. व्हिडिओ कॉलची अपेक्षा धरू नका. टोरमधून आपल्या खऱ्या नावाच्या खात्यात शिरलात, तर त्या साइटला तुम्ही कोण ते कळणारच. साइटचा पत्ता एचटीटीपीएसने (https, म्हणजे मजकूर कुलूपबंद) सुरू होतो का तेही बघा, कारण शेवटच्या रिलेला उघडा मजकूर वाचता येतो.

कुठल्याही फुकट प्रॉक्सी साइटवर, म्हणजे आपल्या वतीने दुसरी पानं आणून देणाऱ्या साइटवर, पासवर्ड टाकू नका. तिथे मधला माणूस एकच असतो. तुम्ही कोण आणि कुठे जाता, हे दोन्ही त्याला दिसतं. टोरमध्ये ही माहिती तीन रिलेंत वाटलेली असते.

इंटरनेटच तोडलं तर यातलं काही चालत नाही. इराणमध्ये २०१९च्या नोव्हेंबरात जवळजवळ तसंच झालं होतं.

लॅपटॉप बंद करताना मला आधी अपराधी वाटायचं, कुणाची तरी लाइन मध्येच कापल्यासारखं. मुलीने समजावलं, की तिकडचं टोर आपणहून दुसरा स्नोफ्लेक शोधतं. तरी आपल्याकडे अकरा वाजतात तेव्हा तेहरानमध्ये नऊच झालेले असतात, म्हणून मी साडेबारापर्यंत चांदणी चालू ठेवते.