सीए किंवा करसल्लागार निवडताना या चुका टाळा

रिटर्नमध्ये आकडे कोणीही भरोत, ते खरे असल्याची कबुली करदात्याची असते आणि नोटीस त्याच्याच पॅनवर येते. म्हणून हिशेब बघणारा माणूस किती हुशार आहे हे नंतर बघा. आधी दोन गोष्टी तपासा: तो जे सांगतो ते तुम्हाला स्वतः पडताळता येतं का, आणि काम सोपवल्यावर पोर्टलच्या किल्ल्या कोणाकडे राहतात?

पाटी वाचून काम सोपवणे

‘टॅक्स कन्सल्टंट’, ‘करसल्लागार’, ‘अकाउंटंट’ असं पाटीवर कोणीही लिहू शकतं. ‘चार्टर्ड अकाउंटंट’ या नावाला मात्र १९४९ च्या कायद्याचा आधार आहे. सीए संस्थेचा, म्हणजे आयसीएआयचा सभासद नसलेल्या माणसाला ते वापरता येत नाही. जीएसटी प्रॅक्टिशनरची नोंदणी जीएसटी पोर्टलवर होते. तो जीएसटीची रिटर्न भरू शकतो, पण आयकराच्या ऑडिट रिपोर्टवर सही करू शकत नाही. कॉस्ट अकाउंटंट, म्हणजे सीएमए, यांची संस्था वेगळी आहे.

प्रत्येकाला सीएच लागतो असंही नाही. एक फॉर्म १६ (पगाराचा आणि त्यातून कापलेल्या कराचा कंपनीने दिलेला दाखला) आणि बँकेचं व्याज एवढंच उत्पन्न असेल, तर रिटर्न घरी बसून भरता येतं किंवा अनुभवी करसल्लागार ते नीट भरून देतो. धंद्याचं टर्नओव्हर १ कोटीच्या वर गेलं की मात्र टॅक्स ऑडिटचा, म्हणजे सीएकडून हिशेब तपासून घेण्याचा, प्रश्न येतो. रोखीतली जमा आणि रोखीतला खर्च दोन्ही ५ टक्क्यांच्या आत असतील तर ही मर्यादा १० कोटी होते. डॉक्टर, वकील, आर्किटेक्ट यांच्यासाठी ती ५० लाख आहे. अंदाजित उत्पन्नाच्या योजनेत (टर्नओव्हरचे ठरावीक टक्के नफा धरून कर भरण्याची सोय) बसणाऱ्यांचं गणित थोडं वेगळं असतं. पण ऑडिट लागलं की सही प्रॅक्टिस करणाऱ्या सीएचीच लागते. हे ऑडिट रिपोर्टची मुदत तोंडावर आल्यावर, सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, कळलं तर जो मोकळा असेल तो गाठावा लागतो.

नंबर न विचारणे

सीएला सभासद क्रमांक विचारणं म्हणजे अविश्वास दाखवणं नव्हे. क्रमांक सहा आकडी असतो. जुन्या सभासदांचा पाच आकडी असेल तर पुढे शून्य लावतात. तो आयसीएआयच्या संकेतस्थळावर टाकला की नाव दिसतं. सोबत ‘सर्टिफिकेट ऑफ प्रॅक्टिस’ आहे का तेही बघा. कंपनीत नोकरी करणारा सीए सभासद असतो, पण हे प्रमाणपत्र नसेल तर त्याची ऑडिटवरची सही चालत नाही.

सीएने सही केलेल्या कागदावर यूडीआयएन नावाचा १८ अक्षरांचा क्रमांक असायला हवा. २०१९ पासून तो टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला. पहिले दोन आकडे वर्षाचे, पुढचे सहा सभासद क्रमांकाचे आणि उरलेली दहा अक्षरं त्या एका कागदाची. त्यामुळे बरीच तपासणी नुसत्या नजरेनेही होते: मधले सहा आकडे सहीखालच्या क्रमांकाशी जुळत नसतील तर कागद संशयास्पद आहे. जुळले तरी आयसीएआयच्या यूडीआयएन पोर्टलवर टाकून बघा. कर्जासाठी किंवा व्हिसासाठी दिलेलं नेटवर्थ सर्टिफिकेट (मालमत्तेतून देणी वजा करून उरणाऱ्या रकमेचा दाखला) बहुधा इथेच अडकतं. भाड्याने सही देणारे असतात, आणि बँकही हाच क्रमांक तपासते.

रिफंडच्या टक्केवारीवर काम देणे

‘रिफंड आणून देतो, त्यातले दहा टक्के माझे’ असं म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. प्रॅक्टिस करणाऱ्या सीएला, काही ठरावीक कामं सोडली, तर नफ्याच्या टक्क्यावर किंवा कामाच्या निकालावर फी ठरवायला कायद्यानेच मनाई आहे. त्यामुळे असं बोलणारा एकतर सीए नाही किंवा नियम धाब्यावर बसवणारा आहे.

या फीमागची पद्धत ठरलेली असते. न दिलेली राजकीय देणगी, न भरलेलं घरभाडं, न घेतलेलं शैक्षणिक कर्ज दाखवायचं, आधीच कापलेला कर (टीडीएस) परत मिळवायचा आणि वाटा घेऊन पुढचं गिऱ्हाईक शोधायचं. पैसे खात्यात येतात म्हणून लोकांना ते खरं वाटतं. पण रिफंड मिळाला म्हणजे दावा मान्य झाला असं नसतं, तपासणी नंतर होते. जुलै २०२५ मध्ये आयकर खात्याने अशाच खोट्या वजावटी भरून देणाऱ्यांशी संबंधित सुमारे १५० ठिकाणी कारवाई केली. खोटी माहिती देऊन उत्पन्न कमी दाखवल्याचं ठरलं, तर बुडवलेल्या कराच्या २०० टक्के दंड लागू शकतो. वर मूळ कर आणि व्याज आहेच, आणि तोवर त्या माणसाचा फोन बंद झालेला असतो.

हे आधीच होऊन गेलं असेल तर नोटिशीची वाट बघू नका. मुदतीत असाल तर सुधारित रिटर्न भरा. ती गेली असेल तर ‘अपडेटेड रिटर्न’ची सोय आहे. करनिर्धारण वर्ष संपल्यापासून ४८ महिन्यांपर्यंत ते भरता येतं. कर आणि व्याज यांच्यावरचा जादा कर पहिल्या १२ महिन्यांत २५ टक्के असतो, मग ५०, ६० आणि ७० टक्के. मात्र रिफंड वाढवायला ते चालत नाही, आणि तपासणी सुरू झाल्यावर हा रस्ता बहुतेक बंद होतो.

पोर्टलवर त्याचाच मोबाइल नंबर ठेवणे

सगळ्यात जास्त नुकसान या चुकीने होतं आणि ती सगळ्यात निरुपद्रवी वाटते. ओटीपीसाठी सारखा फोन नको म्हणून अकाउंटंट आपलाच नंबर आणि ई-मेल ई-फायलिंग पोर्टलवर टाकतो. शंभर गिऱ्हाइकांची मेल एकाच पत्त्यावर येते आणि तुमची नोटीस त्यात बुडते. रिटर्नमध्ये दोष निघाला तर तो दुरुस्त करायला साधारण १५ दिवस मिळतात. ते गेले तर रिटर्न अवैध ठरू शकतं, म्हणजे भरलंच नव्हतं असं होतं. मुदतीत रिटर्न नसलं की धंद्यातला तोटा पुढच्या वर्षात ओढता येत नाही. एका न वाचलेल्या मेलची किंमत इथवर जाते.

दुरुस्ती सोपी आहे. पासवर्ड माहीत नसेल तर आधारच्या ओटीपीवर नवा करा किंवा नेट बँकिंगमधून आत जा. प्रोफाइलमध्ये संपर्काचा तपशील उघडून मुख्य मोबाइल आणि ई-मेल स्वतःचे करा. अकाउंटंटचा नंबर दुय्यम म्हणून राहू द्या, म्हणजे सूचना दोघांना जातील. मग ‘पेंडिंग ॲक्शन्स’मधलं ‘ई-प्रोसीडिंग्ज’ आणि थकीत मागणीचं पान उघडा. जुनं काही पडून असेल तर इथे दिसतं. शेवटी प्रत्येक वर्षाचं रिटर्न ई-व्हेरिफाय झालंय का, म्हणजे ते तुमचंच असल्याची ऑनलाइन खात्री दिली आहे का, ते बघा. रिटर्न भरल्यापासून ३० दिवसांत ते करावं लागतं. ‘भरलं’ आणि ‘पूर्ण झालं’ यांत हेच अंतर आहे.

डिजिटल सहीचा टोकनही (ती सही ज्यात असते तो यूएसबी) त्याच्या ड्रॉवरमध्ये ठेवू नका. ती तुमचीच सही आहे. कोऱ्या चेकवर कधीही सही करून न देणाराही पासवर्डसह टोकन निवांत सोडून येतो, हे नवलच आहे.

कराचे पैसे त्याच्या खात्यात देणे

फी त्याला द्या, कर सरकारला भरा. आयकराचं चलन स्वतःच्या बँकेतून भरता येतं. त्याने भरलं असेल तर पावती मागा. त्यावर सात आकडी बीएसआर कोड (बँकेच्या शाखेचा क्रमांक), तारीख आणि चलनाचा क्रमांक असतो. काही दिवसांत हीच नोंद आयकर पोर्टलवरच्या एआयएसमध्ये, म्हणजे वार्षिक माहितीच्या पत्रकात, दिसायला हवी. दिसत नसेल तर पॅन, वर्ष किंवा कराचा प्रकार चुकलाय का ते आधी तपासा. प्रत्येक वेळी लबाडीच असते असं नाही.

जीएसटीत हे आणखी सोपं आहे. पोर्टलवर लॉगिन न करता तुमचा जीएसटीआयएन (जीएसटी नोंदणी क्रमांक) टाकला की कुठलं रिटर्न कोणत्या तारखेला भरलं ते दिसतं. मासिक भरणाऱ्यांचं जीएसटीआर-१ (विक्रीच्या तपशिलाचं रिटर्न) पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत आणि ३बी (कर भरण्याचं रिटर्न) २० तारखेपर्यंत जायला हवं. ३बी ला कर असेल तर उशिराच्या प्रत्येक दिवसाला ५० रुपये आणि शून्य रिटर्नला २० रुपये, ठरावीक कमाल मर्यादेपर्यंत. सलग सहा महिने राहिलं तर नोंदणी रद्द होऊ शकते. दर महिन्याच्या २२ तारखेला दोन मिनिटं काढा.

काम न ठरवता फी ठरवणे

‘वर्षाचं सगळं बघतो’ या वाक्यातल्या ‘सगळं’चा अर्थ दोघांच्या मनात वेगळा असतो. जीएसटी, टीडीएसची तिमाही रिटर्न, व्यवसाय कर, ऑगस्टमध्ये आलेल्या नोटिशीचं उत्तर, यातलं फीमध्ये काय येतं ते एका ई-मेलवर लिहून घ्या. बिलं कोणत्या तारखेपर्यंत द्यायची हेही लिहा, कारण उशीर बरेचदा गिऱ्हाइकाचाच असतो.

पहिल्या भेटीत एक प्रश्न जरूर विचारा: माझ्यासाठी जुनी करपद्धत बरी की नवी? जाणकार माणूस आकडे मागतो आणि दोन्ही बाजू मांडून दाखवतो. पगारदाराला दरवर्षी निवड बदलता येते. धंद्याचं उत्पन्न असेल तर जुन्या पद्धतीसाठी मुदतीत १०-आयईए फॉर्म भरावा लागतो आणि मागे फिरण्याची संधी एकदाच मिळते. हे न सांगता ‘नवीच घ्या’ म्हणणाऱ्याने तुमचा विचार केलेला नाही. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू झाला आहे, पण २०२५-२६ या वर्षाचं रिटर्न १९६१ च्या कायद्यानुसारच भरायचं आहे. हेही त्याला विचारून बघा.

गुंतवणुकीचा सल्लाही त्याच्याकडूनच घेणे

करबचत आणि गुंतवणूक हे वेगवेगळे विषय आहेत. फी घेऊन गुंतवणुकीचा सल्ला देणं हाच व्यवसाय असणाऱ्याची सेबीकडे (शेअर बाजाराची नियामक संस्था) नोंदणी लागते आणि तिचा क्रमांक ‘आयएनए’ने सुरू होतो. एआरएन क्रमांक म्युच्युअल फंड विकणाऱ्या वितरकाचा असतो, त्याला कमिशन मिळतं. मार्चमध्ये कोणी विम्याचा फॉर्म पुढे केला तर कमिशन कोणाला जातं ते सरळ विचारा.

भांडून सोडणे

अकाउंटंट बदलायचा असेल तर आधी कागद ताब्यात घ्या: टॅलीचा (हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा) बॅकअप, मागची रिटर्न जेसन फाइलसकट (पोर्टलवर चढवलेली रिटर्नची फाइल), उत्पन्नाची मांडणी, घसाऱ्याचा तक्ता आणि पुढे ओढलेल्या तोट्याचा हिशेब. शेवटचे दोन नसले तर नव्या माणसाला सुरुवातीचे आकडे जुळवता येत नाहीत. राहिलेली फी चुकती करा. ऑडिट नव्या सीएकडे जात असेल तर काम घेण्याआधी त्याला जुन्या सीएला लेखी कळवावंच लागतं, आणि थकबाकी असली की गाडी तिथेच अडते.

मग पोर्टलवर ‘ऑथोराइज्ड पार्टनर्स’मध्ये जाऊन जुन्या सीएचं नाव निष्क्रिय करा, आयकर आणि जीएसटी दोन्हीकडचे पासवर्ड बदला. बँकेला त्याचा ई-मेल दिलेला असेल तर तोही काढा. हा शेवटचा पत्ता बहुतेकांच्या लक्षात राहत नाही आणि स्टेटमेंट वर्षभर तिकडेच जात राहतात.