कॉलेजच्या गेटसमोर या चुका टाळा

कुर्ल्याहून कलिन्याला, विद्यापीठाच्या विद्यानगरीत, मी सायकलने येतो त्याला १५ वर्षं झाली. सीएसटी रोडवर ट्रक, टेम्पो, शेअर रिक्षा सगळं अंगावर येतं, म्हणून नवीन मुलं तिथे जीव मुठीत धरून चालवतात. गेट दिसलं की मात्र सैल सुटतात. माझ्या डोळ्यांसमोर झालेल्या अपघातांपैकी बहुतेक त्या शेवटच्या दोनशे मीटरमधले आहेत.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे सिग्नलला थांबलेल्या बसच्या डावीकडून सायकल पुढे काढणं. बस आणि फुटपाथ यांच्यामध्ये तीन-चार फूट जागा दिसते आणि थांबायचा धीर नसतो. एका पावसाळ्यात पहिल्या वर्षाचा एक मुलगा माझ्या शेजारून तसाच आत शिरला. मी ओरडलो, "अरे, मागे ये!" तेवढ्यात सिग्नल सुटला. बस डावीकडे वळायला लागली. लांब गाडी वळताना तिची पुढची चाकं जिथून जातात तिथून मागची जात नाहीत, ती आतून कापत येतात. दिसत होती ती जागा बघता बघता मिटली. मुलगा फुटपाथवर फेकला गेला म्हणून वाचला. कोपराचं हाड मोडलं, सायकलचं पुढचं चाक चपटं झालं. "सर, जागा होती हो," एवढंच तो म्हणत होता. ड्रायव्हर खाली उतरला तेव्हा त्याचे हात थरथरत होते. त्याला मुलगा दिसलाच नव्हता, कारण तो दाराच्या मागे, आरशात न येणाऱ्या कोपऱ्यात होता.

तेव्हापासून मी बसच्या मागेच उभा राहतो, धूर खात. शेजारी कधीच नाही. ड्रायव्हरचा चेहरा मला त्याच्या आरशात दिसत नसेल, तर मीही त्याला दिसत नाही असं धरून चालतो. पुढे जाण्याची घाई असेल तर घरून दहा मिनिटं लवकर निघा, दुसरा उपाय माझ्याकडे नाही.

दुसरी चूक राँग साइडची. गेट पलीकडच्या बाजूला असतं, दुभाजकातली फट लांब असते, मग "एवढंसंच तर जायचंय" म्हणून सायकल उलटी घालतात. गेटमधून किंवा गल्लीतून डावीकडे वळून बाहेर पडणारा रिक्षावाला उजवीकडे बघत असतो, कारण गाड्या तिकडून येतात. तुम्ही त्याच्या डावीकडून उगवता. यात एक गोंधळ मला वारंवार दिसतो. फुटपाथ नसेल तिथे पायी चालणाऱ्याने समोरून येणाऱ्या गाड्या दिसतील अशा बाजूने चालावं, हे बरोबर आहे. सायकलला ते लागू नाही. सायकल हे वाहन आहे, ती डावीकडूनच चालवायची. उलटं जायचंच असेल तर मी खाली उतरतो आणि फुटपाथवरून ढकलत नेतो. लाज कसली त्यात?

चालणाऱ्यांनी बसमधून उतरल्यावर तिच्या समोरून रस्ता ओलांडू नये. बस निघून जाऊ द्या. ४० च्या वेगाने येणारी बाइक एका सेकंदात ११ मीटर कापते आणि बसच्या आडून तुम्ही तिला दिसतच नाही. पवईला आयआयटीसमोर जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर मुलं हात दाखवत लेनमागून लेन पार करतात, तेव्हा मला बघवत नाही. पहिल्या लेनमधली गाडी थांबली म्हणजे तिच्या पलीकडची थांबली असं नसतं. त्या गाडीच्या टोकाशी थांबून पुढे डोकावायचं, मगच पाऊल टाकायचं.

इअरफोन दोन्ही कानांतून काढा. इलेक्ट्रिक बसचा आवाज तसाही येत नाही.

सायकलला मागे नुसता रिफ्लेक्टर पुरत नाही, लाल दिवा लावा.

पावसाळ्याचं थोडं सविस्तर सांगतो, कारण जूनमध्ये नवीन सायकल घेणारे यातच पडतात. एका हातात छत्री धरून सायकल चालवू नका, रेनकोट घ्या. साचलेल्या पाण्यातून जाऊ नका, खाली उघडं झाकण आहे की खड्डा ते कळत नाही. गटाराच्या जाळीच्या फटी चाकाच्या दिशेने असतील तर बारीक टायर सरळ आत जातो. पेव्हर ब्लॉक आणि लोखंडी झाकणं ओली असताना त्यांच्यावर वळू नका, आधी सरळ पार करा. रबरी ब्रेक ओल्या रिमला लगेच पकडत नाहीत, चाकाचा एखाद-दुसरा फेरा वायाच जातो. गेट लांब दिसत असतानाच मी दोन-तीनदा हलके ब्रेक दाबून रिमवरचं पाणी काढून टाकतो.